बांधाजवळचं वळण

घोटावड्याच्या माळावर कारखान्याची धावपट्टी झाली तेव्हा गावाला वाटलं होतं, आता डोक्यावर विमानांची रांग लागणार. आलं एकच. दोन इंजिनांचं, आठ माणसं बसतील एवढं, पांढरं, पोटावर निळी रेघ ओढलेलं. आठवड्यातून दोन-तीनदा ते नवलशेठना घेऊन मुंबईला किंवा हैदराबादला जाई, संध्याकाळी परत येई, आणि उरलेला वेळ पत्र्याच्या हँगरमध्ये उभं असे. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी जयसिंगचा बहुतेक वेळ या उभ्या विमानाच्या संगतीत गेला.

जयसिंग घोटावड्याचाच. पुण्याच्या फ्लाइंग क्लबात एका इंजिनाच्या विमानावर शिकून त्यानं परवाना काढला होता. कारखान्यानं त्याला शिकाऊ म्हणून घेतलं ते मात्र परवान्याकडे पाहून घेतलं असं कुणी म्हणत नव्हतं. धावपट्टी ज्या सपाट शेतावर होती ते शेत त्याच्या वडिलांचं, हैबतरावांचं. शेत देताना नवलशेठ स्वतः घरी आले होते, घोंगडीवर मांडी घालून चहा प्याले होते आणि दोन शब्द देऊन गेले होते. मुलगा शिकून आला की आमच्या विमानावर घेऊ, हा एक. दुसरा असा की उरलेलं शेत आणि विहीर धावपट्टीच्या पलीकडे राहतात, तर घरच्यांच्या जाण्यायेण्याला वाट राहील. कागदावर यातलं काही नव्हतं. दारात बसून चहा प्यालेल्या माणसाकडे कागद मागायचा, हे हैबतरावांच्या स्वभावात बसत नव्हतं.

शेठनी दोन्ही शब्द पाळले, असंच तोवर म्हणावं लागत होतं. मुलगा नोकरीला लागला. आणि हँगरपासून धावपट्टीकडे जाणारा डांबरी रस्ता जिथे वळतो, तिथे हैबतरावांच्या जुन्या बांधाजवळ, तारेच्या कुंपणात माणूस जाईल एवढी फट ठेवली गेली. समोरच्या अंगालाही तशीच. जयसिंगची आई साळूबाई डोक्यावर कळशी किंवा गवताचा भारा घेऊन दिवसातून तीन-चारदा तो डांबरी रस्ता ओलांडत. विमान निघायचं असलं की कोंडिबा वॉचमन शिट्टी वाजवी आणि त्या बांधावर थांबत.

विमान चालवायचे ते कॅप्टन माटे. हवाई दलात मालवाहू विमानं चालवून निवृत्त झालेला, पुण्याच्या डेक्कनवर राहणारा, शिडशिडीत माणूस. आवाज कधी चढत नसे. जयसिंगला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की उड्डाणाचं नंतर पाहू, आधी हे जमिनीवर चालवायला शीक. हवेत काय चाललंय ते मागे बसलेल्याला कळत नाही. त्याला कळतो तो हिसका. हँगरपासून धावपट्टीपर्यंत जेवढे हिसके बसतील तेवढा त्याचा वैमानिकावरचा विश्वास उडतो आणि तो उडाला की परत बसत नाही.

जयसिंगला वाटलं होतं, यात शिकण्यासारखं काय आहे. क्लबातलं विमान त्यानं गवतावरून शेकडो वेळा चालवलं होतं. तिथे इंजिनाचा जोर कमी केला की विमान आपोआप रेंगाळे. हे तसं नव्हतं. यात आत जेटच्या जातीचं इंजिन आणि बाहेर पंखा. जोर सगळ्यात खाली आणला तरी पंखा ओढतच राही, आणि विमान घराकडे निघालेल्या बैलासारखं पुढे पुढे धावे. मग जयसिंग पायातले ब्रेक दाबे. विमान नाक खाली घाली, सोडलं की वर काढी, पुन्हा पळे. पहिल्या आठवड्यात माट्यांनी त्याला उतरवून चाकाजवळ हात धरायला लावला. लोखंड भट्टीतून काढल्यासारखं तापलेलं होतं.

मग त्यांनी खरी गोष्ट दाखवली. जोराचे दोन दांडे तळाशी आल्यावर किंचित उचलून आणखी थोडे मागे घ्यायचे. त्यानं पंख्याच्या पात्यांचा कोन चपटा होतो. इंजिन तेवढंच घुमतं, पण ओढ जाते. विमान पायी चालल्यागत चालतं आणि ब्रेकची गरज उरत नाही. याहून मागे घेतले तर पातं उलटा जोर लावतं, आणि तो या रस्त्यावर कधीच लावायचा नाही, हे माट्यांनी तीनदा सांगितलं. दोन्ही कडांना मुरूम होता. पात्याचं टोक जमिनीपासून जेमतेम दीड वीत. उलटा जोर लागला की समोरची खडी उडते आणि पातं तीच ओढून घेतं. पात्याला गव्हाच्या दाण्याएवढी खाच पडली तरी विमान उभं राहतं, आणि ती दिसली नाही तर मग कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून दर उड्डाणाआधी माटे तो रस्ता स्वतः चालून येत. वाटेत सापडलेले खडे, खिळे, एकदा साळूबाईंच्या भाऱ्यातून पडलेला विळा, असं सगळं ते उचलून आणत.

परीक्षेची पद्धत त्यांची स्वतःची होती. शेठच्या खुर्चीसमोरच्या छोट्या टेबलावर स्टीलची वाटी काठोकाठ पाण्यानं भरून ठेवायची, शेठच्या खुर्चीत कोंडिबाला बसवायचं, आणि जयसिंगनं विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणायचं. कोंडिबा हे काम मोठ्या अधिकारानं करी. गणवेशाची टोपी मांडीवर ठेवून तो वाटीवर नजर लावून बसे आणि मागून खबर देई.

"सांडलं बरं का."

"किती?"

"शेटची इजार भिजली म्हना की."

माटे न हसता पुन्हा वाटी भरायला सांगत. थांबतानाचा हिसका सगळ्यात वाईट होता. ब्रेक हळू दाबून विमान थांबता थांबता, अगदी शेवटच्या हातभर अंतरात, पाय सैल सोडायचा, म्हणजे नाक खाली जात नाही आणि उसळत नाही. हे सांगायला सोपं होतं. जयसिंगच्या पायाला ते यायला पूर्ण पावसाळा लागला. वळणावर एका बाजूचा ब्रेक आवळून गर्रकन फिरायची सवय मोडायला आणखी काही दिवस. वळण आधी डोक्यात घ्यायचं, बाहेरच्या बाजूच्या इंजिनाला थोडा जोर द्यायचा, पुढचं चाक सरळ झाल्याशिवाय थांबायचं नाही. तो रात्री अंथरुणात पडूनही पायाची बोटं हलवी. साळूबाईंनी एकदा विचारलं, मुंग्या आल्यात का रं पायाला.

नवरात्राच्या सुमाराला एक दिवस विमान हँगरपाशी येऊन थांबलं आणि मागून काहीच खबर आली नाही. माट्यांनी वळून पाहिलं. कोंडिबाला झोप लागली होती. वाटी जशीच्या तशी. माट्यांनी जयसिंगकडे पाहून फक्त मान हलवली, पण त्या संध्याकाळी जीपमध्ये बसताना त्यांनी मुद्दा काढला. या विमानाचं शिक्षण आणि सरकारी तपासणी खर्चिक असते, शेठचा होकार लागतो, आणि शेठना मुंबईच्या एका ओळखीच्याचा भाचा आयता मिळतोय. तो या जातीचं विमान आधीच चालवतो. शेठ म्हणालेत, तुमच्या शिकाऊला सोमवारी मी बसलो असताना विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊ दे, मग ठरवू. पुढचं उड्डाण मी करीन. तू फक्त टोकापर्यंत.

जयसिंगनं हे घरी आईला सांगितलं. वडिलांना थेट सांगायची घरात रीत नव्हती. आईला सांगितलं की ते पोचत असे.

सोमवारी शेठ दोन पाहुण्यांना घेऊन आले. एक जर्मन, गोरापान, थकलेला. दुसरा मुंबईच्या कचेरीतला. शेठची सवय अशी की दार बंद झालं की थर्मासमधला चहा कपात ओतायचा आणि विमान धावपट्टीवर जाईतो संपवायचा. माटे सकाळीच रस्ता चालून आले होते. रस्ता साफ होता.

इंजिनं सुरू झाली. जयसिंग उजवीकडे, माटे डावीकडे. त्यांनी हात मांडीवर ठेवले, म्हणजे आता तुझं. जयसिंगनं ब्रेक सोडला, एक क्षण थांबला, दांडे मागे घेतले. विमान हललं कधी ते त्यालाही नीट कळलं नाही. मागे कपबशीचा आवाज आला, शेठ जर्मन पाहुण्याला काही समजावत होते. हँगरची सावली संपली. रस्ता सरळ होता, सकाळचं ऊन डाव्या बाजूनं येत होतं, आणि जयसिंगच्या मनात आलं की हे आता आपलं झालं.

वळण घेतलं आणि त्याला माणसं दिसली.

कुंपणाच्या आत, बांधाला लागून सहा-सात जण उभे होते. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. चुलती धोंडाबाई नव्या लुगड्यात. पुढे हैबतराव, डोक्याला पांढरा फेटा, हातात हळद-कुंकवाचं ताट. आणि रस्त्याच्या मधोमध, बरोबर विमानाच्या वाटेवर, डांबरावर ओला डाग, त्यात नारळाची दोन भकलं, करवंटीचे तुकडे आणि रांगेत मांडलेली लिंबं. हैबतराव ताट घेऊन डाव्या इंजिनाच्या दिशेनं एक पाऊल पुढे टाकत होते.

दर साली पहिल्या नांगराला हैबतराव याच बांधावर नारळ वाढवत. गावात नवा ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, तरी चाकापुढे नारळ आणि चाकाखाली लिंबं, यात कुणाला काही विचारावं लागत नसे. पोरगा पहिल्यांदा मालकाला घेऊन आपल्याच शेतातून निघतोय, तर त्याच्या चाकापुढे नारळ वाढवायचा राहून कसा चालेल? पौडला गनीभाईंच्या दुकानातून त्यांनी वाजवून वाजवून नारळ निवडून आणला होता. कोंडिबानं अडवलं तेव्हा ते म्हणाले, दोन मिंटाचं काम हाय. कोंडिबा बाजूला झाला. हे सगळं जयसिंगला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला दिसलं ते डाव्या पात्याचं न दिसणारं वर्तुळ, करवंटी आणि वडिलांचं पाऊल.

हातानं मागचा उलटा जोर मागितला. तो त्यानं दिला नाही. दोन्ही पायांनी ब्रेक जमिनीला टेकवले. टायर किंचाळले, विमानाचं नाक खाली गेलं, पुन्हा वर आलं. माट्यांनी त्याच वेळी इंधन तोडलं. मागे कप फुटला आणि कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं.

पाती हळूहळू दिसायला लागली, एकेक मोजता येतील अशी, आणि थांबली. डाव्या पात्यापासून पहिलं भकल दोन हातांवर होतं.

शेठ चहानं भिजलेल्या सदऱ्यानिशी खाली उतरले. जर्मन पाहुण्याच्या मनगटावर गरम चहा सांडला होता, तो ते फुंकत होता. हैबतराव हसतमुखानं पुढे आले आणि त्यांनी शेठना कुंकू लावलं. शेठनी लावून घेतलं. नमस्कारही केला. मग माट्यांना म्हणाले, रस्ता झाडून घ्या आणि आपण निघू, उशीर झालाय. जयसिंगकडे त्यांनी पाहिलं नाही. माटे त्याला हळू आवाजात म्हणाले, उतर.

कोंडिबानं खराट्यानं नारळ झाडून कडेला केला. विमान पुन्हा सुरू झालं, माट्यांनी ते एकट्यानं नेलं. जयसिंग बांधावर वडिलांच्या शेजारी उभा राहिला आणि ते वर जाईतो पाहत राहिला. हैबतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. ते आनंदात होते, हे त्याला त्या हातावरून कळत होतं.

दुपारपर्यंत गावात एकच गोष्ट चालू होती. हैबतरावाच्या नारळापुढं विमान थांबलं. नुसतं थांबलं नाही, वाकलं. धोंडाबाईंनी नाक कसं खाली गेलं ते मान वाकवून दाखवलं, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही संध्याकाळी पारावर ते दाखवत होते. कुणी म्हणालं, मशीन असलं तरी त्याला जागा कळती. भिवाजी न्हावी म्हणाला, मशीनला कशाला कळंल, पोराला कळतं, बाप दिसला की पोरगं वाकनारच.

संध्याकाळी विमान परतलं. शेठची मोटार निघून गेल्यावर माट्यांनी जयसिंगला हँगरमध्ये बोलावलं. ते डाव्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तू थांबलास ते बरोबर. मीही तसाच थांबलो असतो," ते म्हणाले.

जयसिंगनं विचारलं, हे शेठना सांगितलंत का.

"सांगितलं, की पात्यापुढे कचरा होता."

"मग?"

"शेठ म्हणाले, कचरा कुणाचा?"

बाकीचं त्यांनी सावकाश सांगितलं. फट बंद होणार, दोन्ही बाजूंची. ती ठेवल्याबद्दल माट्यांनाही बोलणी बसली होती. पण शेठना गावात बोभाटा नको होता, पुढे धावपट्टी वाढवायला आणखी जमिनी लागणार होत्या. हैबतरावांच्या घरानं आपणहून वाट सोडली, असं झालं पाहिजे. तसं झालं तर जयसिंगचं शिक्षण आणि तपासणी कारखाना करील. नाही तर मुंबईचा मुलगा पंधरवड्यात येतोय.

"त्यांनी आमच्या आबांना शब्द दिला होता, सर."

"मला माहीत आहे." माट्यांनी बोट पुसलं. "तुलाही दिला होता. दोन्ही ठेवायला ते तयार नाहीत. घाई करू नकोस, उद्या सांग."

पाती तपासून झाली होती. माटे दिवा मालवायला निघाले, आणि ते बटणापर्यंत पोचायच्या आत जयसिंग म्हणाला, सांगा त्यांना, हो म्हणून. माटे वळले. मग त्यांनी दिवा मालवला. घरापर्यंतच्या वाटेवर जयसिंगनं स्वतःला पुष्कळ कारणं दिली. विहिरीला रस्त्यानंही जाता येतं. फट धोक्याचीच होती, आज बाप पात्यात गेला असता. सगळी खरी होती. पण बटणापर्यंतच्या त्या चार पावलांत यातलं एकही त्याच्या मनात नव्हतं.

घरी माणसं बसली होती. हैबतराव फेटा न काढता भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक येणाऱ्याला पुन्हा सुरुवातीपासून ऐकवत होते. त्यांना इतकं बोलताना जयसिंगनं कधी पाहिलं नव्हतं. माणसं उठून जाईपर्यंत तो थांबला.

"आबा, कुंपणाची फट बंद करायचीय."

"कोन म्हनतं?"

"शेठ."

"शेटनं शब्द दिलाय मला. हितं बसून."

"नारळामुळं झालं, आबा." आणि मग त्यानं सांगितलं. करवंटी पात्यानं ओढली असती तर काय झालं असतं, चहा सांडला, पाहुण्याचा हात भाजला. विमान वाकलं नव्हतं, ब्रेक दाबला की नाक खाली जातं, आणि ते जाऊ न देणं हेच शिकायला त्याला अख्खा पावसाळा लागला होता.

हैबतरावांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचं मावळत गेलं ते डोळ्यांपासून खाली, हळूहळू.

"म्हंजी चूक झाली म्हन की."

"तुम्हांला म्हाईत नव्हतं."

"न्हाई, तुझी इचारतोय. त्यांच्या मतानं तुझी चूक झाली?"

"व्हय."

"आन त्यापायी वाट जानार." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "तू काय म्हनलास त्यांना?"

जयसिंगला खोटं बोलता आलं असतं. माटेसाहेबांनी उद्यापर्यंत वेळ दिलाय, एवढं म्हटलं असतं तरी वडिलांनी स्वतःच, पोराच्या नोकरीसाठी, वाट सोडली असती. हे त्याला तिथेच, बोलता बोलता, लख्ख कळलं.

"मी हो म्हनलो."

"आमाला इचारायच्या आदी."

"व्हय."

साळूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून न पाहता विचारलं की मग हिरीवर जायचं कुठनं. जयसिंग म्हणाला, सडकेनं, जरा वळसा पडंल.

"वळसा कोन घालनार? तू?"

हैबतराव बराच वेळ फेट्याची घडी घालत राहिले. ती घडी नीट बसत नव्हती.

"त्यांची मानसं नकोत," ते शेवटी म्हणाले. "फट मीच बुजवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि दोन्ही बाजूंच्या फटी काट्यांनी गच्च बुजवल्या. कोंडिबा मदतीला आला तर त्याला परत पाठवलं. तार ओढायला कारखान्याची माणसं दुपारी आली तेव्हा त्यांना फक्त वरून तार ठोकायची राहिली होती. पारावर कुणी विचारलं तर हैबतराव सांगत, विमानाची वाट हाय, मानसानं आडवं जाऊ न्हाई. त्यांनी आपणहून सोडली असं गावानं धरलं. शेठना हवं होतं तसंच झालं. नारळाची गोष्ट मात्र हैबतरावांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. सांगणारे दुसरे पुष्कळ होते.

जयसिंगचं शिक्षण हिवाळ्यात झालं. तपासणीला दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यानं उड्डाणाबद्दल ठीक म्हटलं आणि जमिनीवरच्या हाताळणीबद्दल माट्यांना खास विचारलं की याला कुणी शिकवलं. मुंबईचा मुलगा आला नाही. फेब्रुवारीत जयसिंगला खांद्यावर दोन पट्ट्या मिळाल्या. हैबतरावांनी त्या पाहिल्या, चांगल्या हायेत म्हणाले, आणि बैल सोडायला गेले. घरात त्याच्याशी भांडण नव्हतं. जेवायला वाढलं जाई, सदरा धुतला जाई. विमानाबद्दल कुणी विचारत नसे, एवढंच.

सहवैमानिक म्हणून पहिल्या फेरीला शेठ एकटेच होते. माट्यांनी हँगरपाशीच हात मांडीवर ठेवले. जयसिंगनं विमान काढलं. रस्ता तोच. वळणाच्या आधी त्याला कुंपणापलीकडे माणसं दिसली, या वेळी तारेच्या बाहेर. पोराची पहिली फेरी आहे हे गावाला कुठून तरी कळलं होतं. धोंडाबाई होत्या, भिवाजी होता, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. काहींनी हात जोडून ठेवले होते. हैबतराव त्यांच्यात नव्हते. ते लांब, पलीकडच्या शेतात, पाठ करून कुळव धरून चालले होते.

ती माणसं कशासाठी उभी आहेत ते जयसिंगला कळलं. ती विमान वाकायची वाट पाहत होती. पायाचा अंगठा थोडा दाबला असता तरी नाक झुकलं असतं. शेठच्या कपातला चहा काठापर्यंत आला असता, सांडलाही नसता कदाचित.

त्यानं बाहेरच्या इंजिनाला थोडा जोर दिला, दांडे पुन्हा जागेवर आणले आणि विमान वळणातून काढलं. नाक हललं नाही. धावपट्टीच्या टोकाला थांबताना त्यानं शेवटच्या हातभर अंतरात पाय सैल सोडला. मागे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मग शेठनी विचारलं, अजून का निघालो नाही.

"निघालो, सर. टोकाला आलोय," माटे म्हणाले.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा धोंडाबाई शेजारच्या बायांबरोबर ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी त्याला बूट काढू दिले, मग म्हणाल्या, "सकाळधरनं हुबं ऱ्हायलो आमी. पट्ट्या लागल्या आन इमानाची मान ताठ झाली व्हय रं?"

बाकीच्या बाया हसल्या. जयसिंगपाशी याला उत्तर होतं, अगदी बिनचूक, पात्याच्या कोनापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. तो बूट हातात घेऊन उभा राहिला.

"धोंडे, घरी जा," हैबतराव आतून म्हणाले.

आवाजात राग नव्हता. धोंडाबाई पदर सावरून उठल्या, त्यांच्या मागोमाग बाकीच्याही. हैबतराव आतच राहिले. चूल पेटलेली नव्हती, घरात उजेड नव्हता. दिवस बुडायला आला होता आणि साळूबाई अजून सडकेनं वळसा घालून विहिरीवरून आल्या नव्हत्या.